हातभर पट्टी

दिंडोरीच्या पुढच्या शिवारात पुंजाराम बोरस्ते कुठल्या बागेत आहे हे विचारावं लागत नाही, ऐकू येतं. बाकीच्यांच्या ट्रॅक्टरवर भजनं लागतात, लावण्या लागतात, पोरं डीजेची गाणी लावतात. पुंजारामच्या ट्रॅक्टरवर एक इंग्रज जिवाच्या आकांताने ओरडत असतो आणि त्याच्यामागे कुणीतरी पत्र्याच्या शेडवर धोंडे टाकत असावं असा ठोका चालू असतो. पुंजाराम पन्नाशी उलटलेला. कपाळाला गंध लावतो, सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलाय. त्या इंग्रजाच्या बँडचं नाव रस्ट चॅपल. पुंजारामला त्याचा अर्थ आजतागायत ठाऊक नाही आणि त्यावाचून त्याचं काही अडलेलंही नाही.

गोष्ट त्याच्या लग्नाआधीची. गोरक्ष नावाचा त्याचा जिवलग दोस्त होता, दोघांची वावरं बांधाला बांध लागून. छाटणी तोंडावर आली म्हणून दोघे कात्र्यांना धार लावायला नाशिकला गेले. पुंजारामच्या ट्रॅक्टरला तेव्हा नुकताच टेप बसवला होता आणि वाजवायला घरात एकच कॅसेट होती, तीही मामाच्या लग्नातल्या सनईची. शालिमारच्या फुटपाथवर कॅसेटींचा ढीग दिसला. गोरक्ष सिनेमाची गाणी धुंडाळत बसला. पुंजारामने मात्र एक काळी कॅसेट उचलली. तिच्यावर तारेला लटकलेल्या वाकड्यातिकड्या तपकिरी काड्यांचा फोटो होता, पान म्हणून एक नाही.

"गोरख्या, हे बघ. छाटलेली बाग!"

गोरक्षलाही ती बागच वाटली. फोटो मुळात गंजक्या काटेरी कुंपणाचा होता, पण द्राक्षवाल्याला तार दिसली की तिच्यावर वेल दिसतोच. इंग्लंडात द्राक्षवाल्यांची काय गाणी असतात बघू, म्हणून दोघांनी ती घेतली. आता या दोघांना शहाणं कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी बागेत टेप सुरू झाला आणि छाटणीच्या बाया कात्र्या हातात धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. पेठकडून दर साली येणाऱ्या टोळीची म्होरकी नवसाबाई. तिने लांबून हाक दिली, "बंद कर रे ते! रेडा मरतो हाये का तुझा?" दोन दिवस तिने शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी टेप बंद दिसला तर तीच म्हणाली, "लाव ना तुझा रेडा. हात चालतो त्याच्यावर." आणि खरंच चालायचा. त्या ठोक्यावर काडी पकडायची, कोंबाचा डोळा बघायचा, कात्री मारायची. ज्या ओळीला इतर बागांत दुपार व्हायची, ती इथे न्याहारीलाच उरकायची. पुंजाराम आणि गोरक्ष तर पार वेडे झाले. शब्द एक कळत नव्हता, पण सगळ्या गाण्यांची ओरड पाठ.

त्यातलं तिसरं गाणं दोघांचं विशेष लाडकं. ते वाजताना एकदा टेपने पट्टी गिळली. गोरक्षने ती ओढून ओढून बाहेर काढली तेव्हा हातभर पट्टी चुरगळून गेलेली. मेलेली काडी ठेवायची नाही, हा बागेचा नियम. गोरक्षने छाटणीच्याच कात्रीने ती हातभर पट्टी कापून टाकली. जोडायची कशाने? त्याची बहीण मैना भाकरी घेऊन आली होती, तिच्या पिशवीत नेलपॉलिशची लाल बाटली होती. मैना नको नको म्हणत असताना त्याने बाटली घेतली आणि दोन टोकं एकावर एक चिकटवली. वाळेपर्यंत पुंजारामने ती चिमटीत धरून ठेवली. कॅसेट वाजली, पुंजारामकडे अजूनही तीच वाजते. फक्त तिसऱ्या गाण्यात आता गिटार थांबली रे थांबली की गायक लगेच किंचाळायचा. ओळीच्या एका टोकाला पुंजाराम, दुसऱ्या टोकाला गोरक्ष. त्या जागी दोघे माना वर करून एकमेकांकडे बघायचे आणि गायकाबरोबर बेंबीच्या देठापासून ओरडायचे. बाया हसून हसून बेजार व्हायच्या. पुंजारामच्या आयुष्यात सुखाचे प्रसंग पुढे बरेच आले, पण त्या ओरडण्याची सर कशाला आली नाही.

मग पुंजारामचं मैनाशी लग्न झालं आणि इथेच घोटाळा झाला. जो गोरक्ष "ए पुंज्या" म्हणून पाठीत गुद्दा घालायचा, तो हळदीच्या दिवसापासून "दाजी" म्हणायला लागला. दाजी, बसा. दाजी, घ्या ना अजून एक पुरणपोळी. बहिणीचा नवरा म्हणजे मान, आणि मान म्हणजे अंतर. पुंजारामला हे मुळीच आवडलं नाही, पण बोलणार कुणाला? गोरक्षने पुढे वावर वाट्याने देऊन टाकलं, नाशिकला कॉलेज रोडला गिटारचे क्लास काढले, केस वाढवले, नाव कमावलं. दिवाळीला दाजींना टॉवेल-टोपी देताना बागेचं, टेपचं, नवसाबाईचं नाव काढीनासा झाला.

आणि गेल्या वर्षी वेदिकाने, पुंजारामच्या मुलीने, मोबाइल पुढे केला. "पप्पा, मामाची मुलाखत. 'नाशिकचा सगळ्यात जुना रस्ट चॅपलवाला' म्हणतात त्याला."

मुलाखतीत गोरक्ष झोकात बसला होता. रस्ट चॅपल कसा सापडला, असं विचारल्यावर म्हणाला, पुण्याला होस्टेलवर असताना एका मित्राकडे मूळ रेकॉर्ड ऐकली आणि आयुष्य बदललं.

गोरक्ष पुण्याला गेला होता तो एकदाच, मावशीच्या तेराव्याला.

पुंजारामने मोबाइल परत दिला आणि फवारणीचं बघायला गेला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. नाव कमावलंय तर कमावू दे, त्याचा हेवा नव्हता. पण ती बाग, तो ठोका, ती लाल जोड, यातलं काही झालंच नाही असं कसं? दोघांनी मिळून जगलेली गोष्ट एकाने नाकारली की दुसरा खोटाच पडतो. गोरक्षने एकदा, चार माणसांत, खरं सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने बोलून मात्र दाखवली नाही. जावयाने साल्याकडे असलं काही मागायचं म्हणजे शोभा. आपलेच दात, आपलेच ओठ.

गोरक्षची बाजूही सांगायला हवी. शहरात पहिल्यांदा या नादाची पोरं भेटली तेव्हा त्याने ट्रॅक्टरची गोष्ट हौसेने सांगितली होती. ती पोरं इतकी हसली की पुढचे कित्येक महिने त्याला 'ट्रॅक्टर' अशीच हाक मारत. त्यानंतर त्याने होस्टेल बांधलं. एकदा बांधलेलं घर माणूस सहसा पाडत नाही.

यंदा त्या बँडला चाळीस वर्षं झाली. जिल्ह्यातल्या जुन्या चाहत्यांनी गंगापूर रोडला एका हॉलमध्ये रविवारी दुपारी मेळावा ठेवला, ज्याने त्याने आपल्याला हा बँड कसा सापडला ते सांगायचं. वेदिकाने वडिलांना सांगितलं. पुंजाराम म्हणाला, "मला काय करायचंय तिथं?" आणि रविवारी मैनाला "खतवाल्याकडं जाऊन येतो" सांगून, पांढराशुभ्र शर्ट घालून, पोरीला घेऊन निघाला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची सवय जुनीच. मैनाने एकवार शर्टाकडे बघितलं.

हॉलभर काळे टीशर्ट होते. पुंजाराम शेवटच्या रांगेत टेकला. एका दाताच्या डॉक्टरने सांगितलं, की त्याला हा बँड सिंगापूरच्या काकांनी दिला. घोटीच्या एका मास्तराने सांगितलं, की रेडिओवर रात्री अर्धंच गाणं ऐकलं आणि उरलेलं अर्धं शोधण्यात तीन वर्षं गेली. लोक टाळ्या वाजवत होते. पुंजारामला मास्तर आवडला.

मग ललित नावाच्या, कार्यक्रम चालवणाऱ्या तरुणाने गोरक्षला बोलावलं. "आपल्या सगळ्यांचे सीनियर, गोरक्ष सर!" सर स्टेजवर आले, माइक घेतला, आणि "पुण्याच्या होस्टेलवर" म्हणता म्हणता त्यांची नजर शेवटच्या रांगेतल्या पांढऱ्या शर्टावर पडली. जीभ अडखळली. पुंजाराम खाली बघू लागला, कारण त्यालाच लाज वाटली. गोरक्ष पाणी प्यायला आणि त्याने होस्टेलची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. टाळ्या पडल्या. पुंजारामच्या मनात आलं, संपलं. आता आपणही कुणाला सांगायचं नाही.

"पप्पा, निघायचं?" वेदिकाने हळूच विचारलं.

"थांब. गाणी तरी ऐकू."

ललितने तिसरं गाणं लावलं. सगळा हॉल उठून उभा राहिला, माना हलायला लागल्या, लोक गायला लागले. गोरक्ष गाण्यांच्या वेळी कधी गात नसे, हाताची घडी घालून जाणकारासारखा ऐकत उभा राहायचा, सगळ्यांना हे माहीत होतं. आज तो अजून स्टेजवरच होता, माइक हातात होता आणि शेवटच्या रांगेत पुंजाराम होता. पुंजारामचा उजवा पंजा ठोक्याबरोबर मिटत होता, उघडत होता, कात्री धरल्यासारखा. गोरक्षने ते पाहिलं. पाहिलं आणि त्याचाही पंजा हलायला लागला.

गिटार थांबली.

खऱ्या गाण्यात त्या जागी शांतता आहे. चांगली लांब, श्वास कोंडायला लावणारी. जुने चाहते तिला देवळातल्या शांततेसारखं मानतात, कुणी खोकतही नाही. अख्खा हॉल श्वास धरून उभा राहिला. आणि त्या शांततेत दोन माणसं एकदम बेंबीच्या देठापासून किंचाळली. एक स्टेजवरून, माइकमध्ये. दुसरं शेवटच्या रांगेतून. दोघांच्या माना वर होत्या आणि नजर एकमेकांवर.

मग खरा गायक किंचाळला, आपल्या वेळेवर. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लोक खो खो हसत होते.

ललितने गाणं थांबवलं. "सर! तुम्ही चुकलात? आणि काका, तुम्हीपण? दोघं एकाच जागी?"

गोरक्षला सुटता आलं असतं. गंमत केली म्हणाला असता तरी लोकांना पटलं असतं. त्याने माइक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला.

"चुकलो नाय," तो म्हणाला. त्याचं ते 'नाय' कॉलेज रोडवर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "आमच्या कॅसेटीत ही शांतता नव्हतीच. हातभर पट्टी टेपनं गिळली व्हती. मी ती छाटणीच्या कात्रीनं कापली आन् बहिणीच्या नेलपॉलिशनं जोडली."

"पण होस्टेलवर तर रेकॉर्ड होती ना, सर?"

"होस्टेल-बिस्टेल काय नाय. ट्रॅक्टर व्हता. ह्याचा." त्याने बोट दाखवलं. "पुंज्या, उभा राहा ना!"

उभा तर तो होताच. तरी पुंजाराम आणखी थोडा ताठ झाला. सगळा हॉल वळून त्याच्याकडे बघत होता. लग्नाच्या हळदीपासून ही हाक त्याने ऐकली नव्हती.

"कॅसेट मी नाय उचलली," गोरक्ष पुढे म्हणाला, "ह्यानं उचलली. ह्याला वाटलं, फोटो छाटलेल्या बागेचा हाय. मलापण तसंच वाटलं."

हॉलमध्ये असा हशा फुटला की खुर्च्या हलल्या. हाच हशा गोरक्ष इतकी वर्षं टाळत आला होता. तो आता स्टेजवर तोंड लाल करून उभा होता आणि हसणारे थांबत नव्हते. कुणीतरी ओरडलं, "ट्रॅक्टर! ट्रॅक्टर!"

पुंजाराम रांगेतून वाट काढत पुढे निघाला. त्याला स्टेजवर चढायची हौस नव्हती, पण इतका हशा एकट्याने घ्यायचा नसतो. तो गोरक्षच्या शेजारी जाऊन उभा राहिला, लोकांकडे बघून म्हणाला, "हसा, हसा. बागच वाटते ती," आणि गोरक्षच्या पाठीत एक गुद्दा घातला.