घासून काढलेली झाडं

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर भिंगांशी झटापट, म्हणून हिला बारीकसारीक तेवढं दिसतं, असं बाबा चिडवायचे. बाबा, म्हणजे तिचे दादा, नगरपालिकेच्या बागखात्यात मुकादम.

कालव्याकाठच्या जुन्या झाडांच्या बुंध्यांवर राखाडी-हिरवं शैवाक होतं. बुरशी घर बांधते, शेवाळ रांधतं, असा दोघांचा संसार. वर्षाकाठी नखाएवढंही वाढत नाही, धूर सोसत नाही, कोवळ्या झाडावर रुजत नाही. बाकी सगळीकडून त्याला हुसकावून झालं होतं. आता रस्ता रुंद करायला ही झाडंही हवी होती. आत्याने लोकांचे उंबरे झिजवून तज्ज्ञांची समिती बोलावली. शैवाक दिसलं तर झाडं वाचणार, नाहीतर करवत.

घरी जेवताना ती रोज हेच सांगायची. ऐकतंय कोण! बाबांचं लक्ष पेपरात. त्यांच्या खात्यात बुंध्यावरच्या असल्या डागांना खरूज म्हणतात, आणि खरजेचं झाड रोगट म्हणून आधी तोडतात. आत्याचं शैवाक आणि आपली खरूज एकच, हे त्यांच्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. ती बोलायला लागली की यांचे कान बंद!

समिती येण्याच्या आदल्या दिवशी रस्तेवाल्या साहेबाने बाबांना गाठलं. "मुकादम, पाहुणे येतायत. झाडं जरा निरोगी दिसू द्या." मेल्याला सगळं ठाऊक होतं. आमच्याच माणसाच्या हाती ब्रश दिला त्याने.

सकाळी आत्या समितीला घेऊन आली, मीही होते. झाडं ओळीने पांढरीशुभ्र. शिडी पोहोचेल तिथपर्यंत तारेच्या ब्रशाने घासून वर चुना दिलेला. बाबा केवढे खूश! "बघ गं, तुझ्यासाठी सगळी खरूज काढली. आता कोण तोडतो बघू."

आत्याने घाईघाईने फोन काढला. तिने फोटो दाखवले, तर समितीतले म्हणाले, फोटो कुठलाही असू शकतो, आम्हाला इथे काही आढळत नाही. झालं, सह्या करून मोकळे. साहेब बाबांची पाठ थोपटून म्हणाला, "काम चोख हं, मुकादम." चुन्याची बादली त्याच्या डोक्यावर उपडी करावी असं मला वाटलं. अजून वाटतं.

गाड्या गेल्यावर आत्या खाली बसली. गवतात पडलेला एक तुकडा तिने उचलला, बाबांच्या तळहातावर ठेवला आणि वर आपलं भिंग धरलं.

बाबा वाकून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

"हे? तू म्हणायचीस ते हे?"

"हेच, दादा."

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस!"