चरवाले तात्या

“सायेब, ही बाग न्हाय, ह्यो म्हशीचा डोह हाय. एक म्हस आणून सोडा, सुखात ऱ्हाईल.”

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहाचे कप पुसत होते. हसू आलं, ते दिसू नये म्हणून वाकून उगाच खालचा कप्पा उघडला. बाहेर पप्पा हसले नसावेत. शाहूपुरीतल्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाईकंसुद्धा त्यांच्याशी जपून बोलतात.

बोलणारा माणूस आमच्या परसात घोटाभर पाण्यात उभा होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला टॉवेल. कुरुंदवाडकडे उसाला पाणी पाजून पाजून क्षार वर आले, शेतं पांढरी पडली, तेव्हा जमिनीत चर खणून, त्यात भोकांचे पाईप टाकून जादा पाणी बाहेर काढायचं काम या गृहस्थांनी आयुष्यभर केलं. म्हणून ते चरवाले तात्या. “रानाला पाणी पाजायला समद्यास्नी येतंय,” ते म्हणायचे, “काढायचं म्हटलं की मला फोन.”

आमची बाग म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. एक लिंबू, कढीपत्ता, आईचे मोगरे, जास्वंदी. पण दर पावसाळ्यात तिथे पाणी तुंबायचं, मुळं कुजायची, डास व्हायचे. पप्पांनी जाहीर केलं होतं, हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर झाडं काढून सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. ब्लॉकवाला मापंही घेऊन गेला होता. मी बाहेर जाऊन लिंबाची पिवळी पानं वेचली. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मी शिष्ट आहे असं आमच्या नातेवाइकांना वाटतं. खरं तर माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. बागेत ही अडचण नव्हती. लिंबाला कधी उत्तराची घाई नसे.

तात्यांनी पहिल्या दिवशी कडेच्या कोरड्या जागी फक्त एक खड्डा काढला, हातभर खोल. त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि शेजारी पाट मांडून चहा घेत बसले. पप्पा दोनदा येऊन गेले. “बघत काय बसलाय? पाईप टाका आणि मोकळे व्हा की.”

“पाण्याला इचारतोय. त्याला बोलू द्या.”

दुसरा चहा झाला तरी पाणी तिथंच होतं. मग तात्यांनी तोच खड्डा आणखी खोल नेला. काळी माती संपून तांबूस मुरूम लागला, आणि सगळं पाणी बशीत ओतलेल्या चहासारखं बघता बघता संपलं. तात्यांनी मान वर केली. खिडकीत मी होते. आम्ही दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती आणि ते त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं. उतार ते डोळ्यांनी कधी ठरवत नसत. पाणी भरलेली एक लांब पारदर्शक नळी असायची. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं कुणाच्या तरी. “आक्का, टोक धर.” मी त्यांच्या नातीच्या वयाची, पण त्या बाजूला कानडी जवळ, म्हणून प्रत्येक मुलगी आक्का. माझ्या टोकाला पाणी खुणेच्या किती खाली आहे ते मी सांगायचं.

“तीन बोटं,” मी म्हणाले.

“आँ?”

“तीन बोटं.”

“त्वांड उघडून सांग की. डिझेल इंजनापाशी जल्म गेला माजा, डावा कान त्येनंच खाल्ला.”

तासाभरात मी अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात बोटं मोजत होते. आई दारात येऊन बघून गेली. निचरा हा शब्द मी त्या दिवशी शिकले. शाळेत मी त्याची आकृती काढली होती, तीही इंग्रजीत नावं देऊन. पण पायाखाली त्याला काय म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. घर बांधलं तेव्हा पप्पांनी गावाकडच्या शेतातून दोन ट्रॉल्या काळी माती आणली होती. आजोबांनी कसलेली माती. नारळ फोडून ती सगळ्या परसात पसरली, वरून ट्रॅक्टर फिरवून दाबली. येणाऱ्या प्रत्येकाला पप्पा मूठभर उचलून दाखवत, “सोनं आहे सोनं.” तात्यांनाही दाखवली होती. तेच सोनं मुरुमावर झाकणासारखं बसलं होतं.

“मग सांगा ना पप्पांना,” मी म्हणाले.

तात्या चरात खडी पसरत होते. “मी पावणा हाय. बाहेरच्यानं दुसऱ्याच्या बापाच्या मातीला नाव ठिवायचं नसतं. त्ये घरच्या माणसानं सांगायचं.”

“मला नाही जमणार.”

“मग ब्लॉक बसतील,” ते शांतपणे म्हणाले आणि पुढची पाटी मागितली.

आता तात्यांनी गुडघ्यांमुळे काम सोडलं आहे. नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो की पप्पा न सांगता गाडी कुरुंदवाडला वळवतात, आणि तात्या मला बघून पहिलं विचारतात, “आक्का, आवाज हाय का गेला?” तेव्हा मात्र आमच्या बागेतले कडेचे चर आणि पाईप त्यांनी चार दिवसांत पुरे केले. मी हातातली नळी गुंडाळून दिली, तेव्हा त्यांनी ती तपासून पाहिली नाही. त्यांच्या कामात याहून मोठं कौतुक नव्हतं.

पाचव्या दिवशी ते हत्यारं न्यायला आले आणि नेमकी तेव्हाच दुपारची जोराची सर आली. आम्ही सगळे मागच्या दारात उभे राहिलो. चरांच्या कडेचं पाणी खळखळत बाहेरच्या गटारीत गेलं. मधलं मात्र हललं नाही. लिंबाभोवती पुन्हा तळं साचलं.

“तुमची चूक नाही, तात्या,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. “ही जागाच वाईट. सोमवारी ब्लॉकवाल्याला बोलावतो.” त्यांनी खिशातून फोन काढला.

आईनं तोंड फिरवलं. तात्यांनी टॉवेल झटकला, फावडं खांद्यावर घेतलं, पण पायरी उतरले नाहीत. माझ्याकडेही बघितलं नाही. पप्पा नंबर शोधत होते आणि माझं वाक्य अजून नीट जुळलं नव्हतं.

“पप्पा, जागा चांगली आहे, खाली मुरूम आहे, पाणी जातं, मी बघितलंय. आजोबांची माती आपण पसरून दाबली, तिथं चुकलं. ती टाकायची नाही. उचलून तिचे उंच वाफे करू, मधल्या वाटा मुरुमापर्यंत उघडू. आणि तो फोन इकडे द्या, ब्लॉकवाल्याला नको म्हणून मीच सांगते.”