चिमटीचं वजन

भिवंडीतल्या एका डाइंगमध्ये मी तीस वर्षं कापडाचे रंग जुळवले. तिथे मला मास्टर म्हणत. मास्टर लोकांचा एक रिवाज असतो: रंगाचं प्रमाण कागदावर लिहायचं, पण शेवटची चिमूट लिहायची नाही. टाकीत वाकून बघायचं, पाचही बोटांत पूड घ्यायची, सोडायची आणि गप्प बसायचं. ती चिमूट लिहिली की मालकाला मास्टरची गरज उरत नाही. मीही ती कधी लिहिली नाही, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

कारखाना बंद पडल्यावर मी घरात बसून सगळ्यांचं डोकं खाऊ लागलो. शेवटी बायकोनंच मला राहनाळला धाडलं. तिच्या ओळखीतली एक बाई तिथे गोदामामागच्या शेडमध्ये चिनी मातीची भांडी भाजायची. ती पस्तिशीची, मी साठीचा, पण शिकवणारी ती. मोठ्या आजारातून नुकती उठली होती आणि मधूनच गोष्टी विसरायची. दीड वर्षानं भट्टी पुन्हा लावायची होती. चोवीस वाडगे तयार होते.

“काका, ह्या भट्टीवर कळंल, माझं डोकं ठिकाणावर हाय का न्हाय,” ती म्हणाली. म्हणाली हसतच, पण वजन केलेली प्रत्येक वस्तू ती वहीत लिहायची आणि दोनदा वाचायची.

ग्लेझ म्हणजे भांड्यावरची काच, हे तिनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. गारेच्या दगडाच्या पुडीची काच होते, फेल्डस्पार नावाचं खनिज तिला वितळायला लावतं, चिनी माती तिला भांड्यावरून ओघळू देत नाही. रंग येतो धातूंमुळे. आम्हाला फिकट निळा हवा होता. त्यासाठी कोबाल्टची पूड, फक्त पाच ग्रॅम. ही पूड दिसते जांभळट गुलाबी. निळी होते ती भट्टीतच. तिनं हे नीट सांगितलं आणि मीही मान डोलावली.

ती जेवायला घरात गेली तेव्हा मी बादलीत वाकून पाहिलं. ग्लेझ जेमतेम गुलाबीसर. एवढ्याशानं काय होणार, असं मनात आलं आणि हात कोबाल्टच्या डब्यात गेलासुद्धा. तीन चिमट्या सोडल्या, ढवळलं. वहीत अर्थातच काही लिहिलं नाही.

वाडगे त्या ग्लेझमध्ये बुडवून भट्टीत रचले. भट्टी तापायला एक दिवस गेला, निवायला दुसरा. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं, तर चोवीसच्या चोवीस वाडगे काळपट निळे. शाईत बुडवून काढल्यासारखे.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वही काढली, पान तपासलं, वजनाचा काटा तपासला. मग पानाखाली लिहिलं, ‘चूक माझी’.

“न्हाय जमायचं आता मला,” ती म्हणाली आणि पुडींचे डबे एकेक करून बारदानात भरायला लागली.

मी भट्टीतून वाडगे काढत राहिलो. मला लाज वाटली, हे खरं. आणि तोंड उघडायला चोविसावा वाडगा खाली ठेवेपर्यंत वेळ लागला, हेही खरं.

“तुझी चूक नाही,” मी म्हणालो. “तू जेवायला गेलीस तेव्हा मी कोबाल्ट टाकला.”

आता ही मला हाकलणार, असं वाटलं. तिनं वहीतली ती ओळ खोडली आणि पेन तसंच धरून विचारलं, “किती?”

“तीन चिमट्या.”

“म्हंजे किती ग्रॅम, काका?”

तिनं बारदानातून कोबाल्टचा डबा परत काढला आणि काटा माझ्यापुढे सरकवला. मी पाच बोटांत पूड घेतली आणि डाइंगमध्ये सोडायचो तशीच सोडली. तिनं आकडा लिहिला.

“परत,” ती म्हणाली. मी परत सोडली.

“परत.”

तीन आकडे आले. तिसरा पहिल्याच्या जवळपास दुप्पट होता.