उसाचे डोळे काढणारं यंत्र

बारामतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मेकॅनिकल शिकवते. उद्योजकता कक्ष माझ्याकडे आला आणि मी त्यात पुरती बुडाले. मुलं मेहनतीनं प्रोजेक्ट करतात आणि निकालानंतर तो कपाटावर धूळ खातो, याचा मला राग यायचा. पेटंट घ्या, कंपनी काढा, विकून दाखवा, हेच मी वर्गावर्गांत सांगायचे.

शेवटच्या वर्षाला भवानीनगरची एक मुलगी होती. वडील नव्हते. आई उसाच्या रोपवाटिकेत कामाला जायची. तिथं बायका ओळीनं बसून उसाच्या कांडीवरचे डोळे काढतात, त्यांचीच पुढं रोपं होतात. हातानं दाबायच्या त्या कटरचं पातं उघडंच असतं, बोटं कापणं नेहमीचंच. मुलीनं पायानं चालणारं यंत्र केलं. त्यात हात पात्यापर्यंत पोचतच नव्हता.

"मॅडम, आईकडं नेऊन बघू का? बायका वापरतील, काय चुकतंय ते कळेल."

"अजिबात नाही. अर्ज दाखल व्हायच्या आधी चारचौघांत वापरलंस तर पेटंट हातचं जाईल."

नियम खरा होता. पण तात्पुरता अर्ज आठवड्याभरात करता आला असता आणि मग यंत्र बिनधास्त बाहेर नेता आलं असतं. मला मात्र सगळं पूर्ण हवं होतं. दोन महिन्यांनी विद्यापीठाचं प्रदर्शन होतं, उद्योजक येणार होते, आणि तिथं यंत्रावरचं कापड मला माझ्या हातानं काढायचं होतं. तिनं आणखी दोनदा विचारलं. मग विचारणं सोडून दिलं. यंत्र प्रयोगशाळेत होतं आणि किल्ली माझ्याकडे होती.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात मी तिच्याकडून भाषणाची तयारी करून घेत होते. तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"आईचा अंगठा तुटला."

आईला बारामतीलाच दवाखान्यात आणलं होतं. आम्ही गेलो तेव्हा उजव्या हाताला मोठं बँडेज होतं. मला बघून ती माउली उठायला लागली.

"बसा, बसा."

"पोरीचं परदर्शन हाय न्हवं? तिला कशाला आणलं हितं?" मग लेकीकडं वळून म्हणाली, "तुझं मशीन कवा आणतीस गं? बाकीच्या बायका इचारत्यात."

मुलीनं आईकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. यंत्र तयार आहे, मीच अडवून ठेवलंय, हे मी तिथं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "येईल लवकरच."

प्रदर्शनाला ती आली नाही. मी एकटीच उभी होते. लोकांनी वाहवा केली. एकानं विचारलं, "सध्या कुठं वापरात आहे?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

पेटंटचा अर्ज प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच गेला होता. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी यंत्र टेंपोत घालून भवानीनगरला नेलं. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या बायकांना पायपट्टी जमेना. तासाभरात कुणीतरी बसायला लाकडी पाट आणले आणि काम सुरू झालं. एवढंच चुकत होतं.

आईला मात्र ते चालवता आलं नाही. अंगठ्याशिवाय कांडी धरता येत नाही. ती आता डाव्या हातानं रोपांच्या ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरते.

मुलीनं पुण्यात नोकरी धरली. कंपनी निघाली नाही. पुढं पेटंट मिळालं तेव्हा मी तिला कळवलं. "धन्यवाद मॅडम," एवढंच उत्तर आलं.

परवा रोपवाटिकेत गेले होते. आई भेटली.

"पोरगी फोन करती का तुमाला?"

"नाही करत."

"मला बी कमीच करती," ती म्हणाली. "काम लई असंल."

तिनं मला बसायला पाट सरकवला आणि पुढचा ट्रे ओढला.