बिबट्याच्या नखीतला चुना

आमच्या कॉलेजच्या म्युझियमात एक बिबट्या आहे. त्याची डावी कूस कायम भिंतीकडं असते. झाडणाऱ्या बाईला मी दम देऊन ठेवला होता, की ह्याला बोटभर जरी फिरवलंस तर गाठ माझ्याशी आहे. बघायला येणारे म्हणतात, काय जिवंत केलाय! जिवंत कसला डोंबल. त्या कुशीवरचे केस मी डिंक लावून चिमट्यानं बसवलेत. ते का गळले हे आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पोलीस ॲक्शन होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण शिकारीला बंदी यायची होती. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात पेंढा भरून ती उभी करायचं काम मला एका उस्तादांनी शिकवलं. निजामाच्या अमदानीत त्यांनी बड्या बड्या लोकांचे वाघ भरलेले. ती अमदानी गेली, बडे लोक गेले, आणि उस्ताद कॉलेजच्या मागच्या खोलीत मुंगसं आणि घारी भरत बसले. त्यांचं एकच सांगणं असायचं, "पहले नमक, बाद में सलाम." शिकारी दारात आला तरी त्याला रामराम नंतर, आधी कातड्याला मीठ. कान आतून सोलून उलटे करायचे, ओठ चिरायचे, पंज्यात बोटं घालून मीठ चोळायचं. ऊन दाखवायचं नाही, कोमट पाणी तर नाहीच. यात हयगय केली की केस मुळापासून सुटतात, मग ब्रह्मदेव आला तरी ते परत धरत नाहीत. उस्ताद गेले आणि त्यांच्या स्टुलावर मी बसलो. सहा वर्षं बसलो होतो, तात्पुरता.

आमच्या घरचा धंदा नेमका ह्याच्या उलटा. माझा बा खाम नदीच्या काठाला कातडी कमवायचा. म्हशीचं कातडं त्याच्या चुन्याच्या कुंडीत आठ-दहा दिवस पडलं की केस नुसत्या हातानं निघायचे. मग ते कमवायला तरवडाच्या सालीच्या लाल पाण्यात जायचं. त्या वासापायी शाळेत मला कुणी शेजारी बसू दिलं नाही. कॉलेजात लागलो तेव्हा मी ठोकून दिलं, की ते काम आमच्यात कधीच बंद झालं, वडील पैठणकडं गावाला शेती बघतात. आणि बाला बजावलं, की कॉलेजच्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही. तो एवढंच म्हणाला, "नाय येत."

मग हा बिबट्या आला. आमच्या सरांचा एक दोस्त होता, कंत्राटदार. त्यानं सिल्लोडच्या पलीकडं डोंगरात बिबट्या मारला आणि कॉलेजला भेट द्यायचं जाहीर केलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हा नीट उभा राहिला की तुझा कायमचा कागद वर पाठवतो." घरी लग्नाची बहीण होती. मी देव पाण्यात घालून वाट बघत बसलो.

कातडं आलं तिसऱ्या दिवशी! दोन दिवस हा गडी जीपवर मिरवत होता. गावोगाव हार, गावोगाव फोटो. मी विचारलं, "मीठ कधी लावलं, साहेब?" म्हणाला, "लगेच. आम्ही काय अडाणी आहोत?" कातडं नळाखाली धुतलेलं होतं, ओलं होतं. का धुतलं म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला. मी मुकाट्यानं कामाला लागलो. कान उलटे केले, ओठ चिरले, मीठ भरलं, पाणी निथळल्यावर पुन्हा भरलं, मग मीठ-तुरटीच्या थंड पाण्यात ठेवलं. शेवटच्या रात्री तर घरीसुद्धा गेलो नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून बघतो, तर डाव्या कुशीवरचा पुंजका अलगद माझ्या चिमटीत आला.

सर आले, मागोमाग कंत्राटदार आला, ड्रायव्हर आला. कंत्राटदार माझ्यावर असा तुटून पडला, जसं काही मीच त्याचं पोर मारलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा! सरांनी चष्मा पुसला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सात पिढ्या केस काढण्यात गेल्या. तुझ्या हाताला केस राखणं कसं येणार? रक्तात असावं लागतं." कंत्राटदार फिदीफिदी हसला. सरांनी कागद पुढं सरकवला. "लिही. माझ्या हयगयीमुळं कातडं खराब झालं." हे लिहिलं की नोकरी गेली, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्या माणसाचं नरडं धरावं असं वाटलं मला. धरलं नाही. पेन धरलं.

तेवढ्यात दारात बा उभा. हातात भाकरीचं फडकं. मी घरी आलो नाही म्हणून आईनं पिटाळलेला. गुडघ्यापर्यंत धोतर, हात तरवडानं लाल झालेले, आणि तो वास. लाजेनं मी मेल्यासारखा झालो. बानं कुणाकडं बघितलं नाही. सरळ टेबलाशी गेला, कुशीवरचे चार केस उपटले आणि नाकाशी नेले.

"हा कोण?" सरांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ओळखीचा आहे, सर. गल्लीतला."

बाचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं बिबट्याचा पंजा उचलला, नखीच्या बेचक्यात करंगळी घातली आणि पांढरा कण काढून जिभेवर ठेवला. कातड्याला अजून किडीसाठीचं विष, सोमल, लावला नव्हता म्हणून बरं. थुंकला आणि म्हणाला, "चुना हाय. कुजलेलं असतं तर केस चिकट आले असते, घाण मारली असती. हे मोकळे येतात. कुंडीतल्यावाणी." परत करंगळी घातली, कण काढला, सरांपुढं धरला. "चाटून बघा, साहेब."

सर खुर्चीसकट मागं सरकले. ड्रायव्हरला मात्र राहवलं नाही. "आमच्या बाईसाहेबच बोलल्या होत्या," तो म्हणाला. "रात्री कातडं अंगणात लई वास मारतंय, चुना टाक म्हणून. मीठ कुणी लावलंच नव्हतं. इकडं आणायच्या आधी धुतलं."

कंत्राटदारानं त्याला डोळ्यांनीच खाल्लं. सरांनी कागद घडी करून खणात टाकला. चुकलो म्हणाले असतील? नाव नको! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. "काम कर," एवढंच म्हणाले, आणि दोघं चहाला गेले.

चुन्याची कुंडी बघत मी लहानाचा मोठा झालो. चिमटीत केस मोकळे आले तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण त्या कुंडीकडं मी पाठ फिरवली होती, नाक धरून. त्या लोकांना मी आजही शिव्या घालतो. त्यांच्यापेक्षा जास्त मला घालतो. वळून बघितलं तर बा गेला होता, भाकरीचं फडकं स्टुलावर होतं. पुढं मी कायम झालो तो त्या माणसाच्या जिभेवर.

संध्याकाळी घरी गेलो. बा ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होता. कडी वाजली तशी आई आतून ओरडली, "कोण आलं?"

बानं मान वर केली नाही. म्हणाला, "कुणी नाय. वळखीचा हाय एक. गल्लीतला."