सासूबाईंची पाठ

कुणी हे वाचलंच तर शुद्धलेखनाच्या चुका आणि माझं वेडंवाकडं अक्षर पोटात घाला. मी चौथीच शिकले.

नामपल्लीच्या एका दवाखान्यात सासूबाई लकव्याने पडून होत्या. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, असं सिस्टरनी सांगितलं होतं. पण सगळ्या वॉर्डाला सिस्टर एकट्याच. सलाइन, इंजेक्शनं करता करता कूस बदलायचं राहून जाई. म्हणून मी आयाला पैसे दिले, तर तिलाही सारखं दुसऱ्या वॉर्डात बोलावत.

एक दिवस पाठ लाल दिसली. मी लाजरी, तरी सिस्टरना म्हणाले, "मला शिकवा." माणसाला ओढायचं नाही, अंगाखालची चादर धरून वळवायचं, हे त्यांनी करून दाखवलं. मग दिवसरात्र मीच वळवू लागले.

सासूबाई बोबडं बोलल्या, "भाकरीसारखी उलटतेस की गं!"

घरी निघताना सिस्टरनी पाठ पाहिली. एकही जखम नव्हती. "शाब्बास!" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. माझी मान ताठ झाली.

आयाने कमरेला खोचलेले माझे पैसे काढले. "काम तो तुम करे अक्का, मेरेकू नक्को," म्हणत तिने सगळे परत दिले.