नाव कोरलेल्या हंड्यांचा कर

ता. २४ जानेवारी १९४८, शनिवार. त्या दिवशी वऱ्हाडातल्या बीबी गावच्या शालिग्राम भांडेवाल्यांच्या पितळी डब्यात एकतीस रुपये चार आणे होते, निजामाच्या हाली सिक्क्यात, आणि त्यातली एक पैही त्यांची नव्हती.

आदल्या जूनपासून मध्यप्रांत-वऱ्हाडात विक्रीकर सुरू झाला होता. शालिग्राम विकलेल्या प्रत्येक हंड्या-कळशीवर तो घेत आणि डब्यात वेगळा टाकत. दर रविवारी ते बैलगाडीनं सीमेपलीकडे निजामाच्या मुलखातल्या, मोगलाईतल्या, एका बाजारालाही जात. निजामाच्या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरत आणि तिकडच्या गिऱ्हाइकांकडूनही वऱ्हाडाचा कर घेत. माल बीबीचा तर कर बीबीचा, असा त्यांचा समज. मोगलाईत हा कर नव्हताच.

शुक्रवारी मेहकरला कराचा कागद भरताना हिंमतराव वकील थांबले.

"शालिग्रामजी, हे काऊन धरलं? तिकडं नेऊन विकलं त्याले इकडचा कर नाही."

"मंग मी घेतला तो?"

"राहू द्या डब्यात. मोगलाईतून कोण येते मागायले?"

पण शालिग्राम गिऱ्हाइकाच्या हंड्यावर नाव स्वतःच्या छिन्नीनं कोरून देत, आणि कोरण्याआधी वहीत लिहून घेत. त्या वहीत मोगलाईतली बेचाळीस नावं होती. ज्यांची नावं कोरली, त्यांचेच पैसे फुकट खाल्ले, हे त्यांना सोसेना.

निघताना त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी वाट अडवली. "सीमेवर रोज गडबड ऐकू येऊन राह्यली. तीस रुपयांसाठी जीव धोक्यात घालता का?"

"एकतीस, चार आणे. माहे असते त नसतो गेलो."

रविवारी त्या बाजारात शालिग्राम भांडी न मांडता नुसती वही उघडून बसले आणि एकेक नाव पुकारू लागले. बातमी गावात गेली. बायका पाण्यासकट हंडे डोक्यावर घेऊन आल्या. शालिग्राम कोरलेलं नाव बोटानं चाचपत, वहीत पाहत आणि पैसे हातावर ठेवत.

"काय बे शालिग्राम," म्हातारे शेतकरी रंगराव ओरडले, "सरकारनं कर घेतलेला ऐकला होता, परत देताना आजच पाह्यलं!"

"सरकार नाही, रंगरावभाऊ. माह्या अकलेनं घेतला होता."

बाजार हसला. रंगरावांनी आपले बारा आणे दोनदा मोजून घेतले.

उन्हं कलली तेव्हा एकच नाव उरलं, कोकिळा. कोणी पुढं आलं नाही. रंगरावांच्या विमलबाईंनी वहीत डोकावून पाहिल्यासारखं केलं.

"लग्नाचा हंडा असन तो. नाव नवरीचं, पैसे मामाचे. तुमी मामाचं नाव कुठं लिवलं?"

लिहिलं नव्हतं. जे नाव हंड्यावर, तेच वहीत. बाकीच्या लग्नांचे हंडे गावकीला ठाऊक होते, म्हणून निभावलं. कोकिळा कुठल्या गावी नांदायला गेली, तिचा मामा कुठला, कुणालाच सांगता येईना. शालिग्राम अंधाराआधी नाका ओलांडून घरी पोचले. सीमेवरच्या गडबडीमुळं पुढच्या आठवड्यापासून तो रस्ता बंद झाला.

वर्षाच्या आतच निजामाचं राज्य गेलं. शालिग्राम पुन्हा त्या बाजारात जाऊ लागले. भांडी मांडण्याआधी विचारत, कोकिळा नावाची सून कुणाकडं आहे का? काही वर्षांत तीन कोकिळा भेटल्या. शालिग्राम आपल्या हंड्याच्या बुडाला तीन टिंबं ठोकत. ती खूण एकीच्याही हंड्यावर निघाली नाही. तिसरी म्हणाली, "बाबा, हंडा माह्या सासूचा हाये. अकरा आण्यांसाठी खोटं कशाले बोलू?"

शालिग्रामांनी तिला हात जोडले आणि त्यानंतरच्या वहीत प्रत्येक नावाखाली पैसे देणाऱ्याचंही नाव लिहिलं.

बेचाळिसांपैकी एकेचाळीस जणांना तीस रुपये नऊ आणे पोचले. कोकिळेचे हाली सिक्क्यातले अकरा आणे द्यायचे राहिले आहेत.